खाट आणि गोळी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांची एक सवय त्यांच्या विद्यार्थ्यांना अजून आठवत असेल. राउंडला आले की नाडी ते नंतर बघायचे. आधी खाटेशेजारच्या लोखंडी कपाटाचा खण ओढायचे. त्यातून मोसंबीची सालं, देवाचा फोटो, विडीचं बंडल असं काय काय निघायचं. सर शोधत असायचे गोळ्या. सिस्टरसमोर तोंडात टाकलेल्या, जिभेखाली धरून ठेवलेल्या आणि तिची पाठ वळल्यावर खणात गेलेल्या गोळ्या. त्या सापडल्या तर सर ओरडायचे नाहीत. स्टूल ओढून रुग्णाजवळ बसायचे आणि विचारायचे, "काय त्रास होतो रे ह्यानं? मळमळतं का?" विडीचं बंडल सापडलं की मात्र ओरडायचे.

ही सवय त्यांनी विलायतेहून आणली होती. १९५०च्या दशकात त्यांनी तिथल्या एका छातीच्या रुग्णालयात तीन वर्षं नोकरी केली. आम्ही पोरं पाठीमागे थट्टा करायचो, की लोक तिकडून पदव्या घेऊन येतात, आमचे सर खण उघडायला शिकून आले. त्या खणापाशी वैद्यकशास्त्र कसं येऊन पोचलं, ते आज सांगायचं आहे. गोष्ट बरीचशी ब्रिटनची आहे, पण तिचा निकाल लागला मद्रासला.

'हवापालट' हा शब्द आपल्याकडच्या जुन्या घरांत दबक्या आवाजात उच्चारला जायचा. अमुकची सून हवापालटाला पाचगणीला गेली, तमुकला मिरजेला ठेवलंय, एवढं म्हटलं की ऐकणारा समजायचा. रोगाचं नाव घ्यायची गरज नसे. ब्रिटनमध्येही तेच होतं, फक्त तिथे हवापालट सरकारी होता. १९२१च्या कायद्याने क्षयरुग्णांवर उपचार करणं ही कौंटी आणि नगर परिषदांची जबाबदारी झाली होती. गावाबाहेर, टेकडीवर, पाईनच्या झाडांत आरोग्यधामं उभी होती. ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा ही सगळी आरोग्यधामं एका दिवसात अन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याच्या पदरात पडली. बेव्हन वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा आणि स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. फुप्फुसाचा रोग घरात आला म्हणजे काय होतं, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

त्या दिवशी झालेली एक वाटणी मात्र मला कायम खटकत आली आहे. आरोग्यधामं आणि त्यांतल्या खाटा प्रादेशिक रुग्णालय मंडळांकडे गेल्या. रुग्णाच्या घरी जाणं, घरातल्या इतरांना तपासणं, लागण कुठून आली ते शोधणं, ही कामं स्थानिक परिषदेच्या आरोग्याधिकाऱ्याकडेच राहिली. खाट एका खात्याकडे, घर दुसऱ्या खात्याकडे. सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

आता त्या खाटेवर काय चालायचं ते बघू. मुख्य उपचार म्हणजे पडून राहणं. त्याचा अर्थ आपण घरी आजारपणात लोळतो तसा नव्हे. सुरुवातीला उठून बसायचं नाही, काही ठिकाणी वाचायचंही नाही. तापमानाचा तक्ता बघून एकेक पायरी सवलत मिळायची. आज बसायला परवानगी, पंधरा दिवसांनी संडासला चालत जायला, दोन महिन्यांनी बागेत दहा मिनिटं. संध्याकाळी पारा अर्धा अंश चढला की पुन्हा पहिल्या पायरीवर. जोडीला दूध, लोणी, अंडी, कॉडलिव्हरचं तेल आणि उघड्या खिडक्यांतून येणारी थंडी.

यामागचा तर्क असा, की मोडलेल्या हाडाला जशी प्लास्टरमध्ये विश्रांती देतात तशी सडलेल्या फुप्फुसाला द्यावी. मग नुसतं पडून राहण्यापेक्षा फुप्फुसच मिटवलं तर? बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरायची, म्हणजे ते दबून मिटतं. ही हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा भरायची, आणि हे दोन-तीन वर्षं चालायचं. पंक्चर झालेल्या सायकलीच्या नेमकं उलटं प्रकरण. त्याने भागलं नाही तर मानेतून पडद्याकडे जाणारी नस चिमट्याने चिरडायची, म्हणजे छातीच्या पडद्याची ती बाजू लुळी पडते. त्यानेही भागलं नाही तर बरगड्या काढायच्या. सात-आठ बरगड्या, दोन-तीन वेळा टेबलावर घेऊन, पुष्कळदा नुसती जागा बधिर करून. म्हणजे आपलं हाड कापल्याचा आवाज रुग्ण ऐकत असायचा.

असा एक माणूस मी विद्यार्थिदशेत पाहिलेला आहे. सरांच्या बाह्यरुग्ण विभागात दर पावसाळ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. डावा खांदा खाली उतरलेला, डाव्या बाजूची छाती खोलगट. शर्ट नीट बसावा म्हणून त्यांचा शिंपी डाव्या खांद्याला आतून कापसाची गादी शिवून द्यायचा. एकदा त्यांनी ती गादी काढून आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्या गादीखाली माझ्या आठ बरगड्या नाहीत." त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता. आमच्यातल्या एकाने धीर करून विचारलं, बरं कशानं वाटलं, ऑपरेशनने की नंतरच्या इंजेक्शनांनी? पोस्टमास्तर म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. मी दोन्हीचे पैसे भरलेत."

पोस्टमास्तरांच्या त्या उत्तरात एका युगाची अडचण आहे. हवा भरणं, नस चिरडणं, बरगड्या काढणं, यांतल्या कशाचीही नीट, तुलना करून परीक्षा झालेली नव्हती. पन्नास वर्षं डॉक्टर हे करत होते आणि जे वाचत त्यांच्याकडे बोट दाखवत होते.

तशी परीक्षा झाली ती स्ट्रेप्टोमायसिनची. हे औषध १९४३मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सापडलं. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, आल्बर्ट शॅट्झ नावाच्या तरुण संशोधकाच्या हातून. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते. सरकारने कसेबसे पन्नास किलोंचे पैसे मोजले. देशात दरवर्षी नवे रुग्ण पन्नास हजारांच्या घरात, आणि औषध पन्नास किलो. ते कोणाला द्यायचं?

इथे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा माणूस येतो. हिलला डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात असताना त्याला क्षय झाला, जवळजवळ दोन वर्षं तो अंथरुणाला खिळला, त्याच्याही छातीत हवा भरली गेली. डॉक्टरी राहिली. पडल्या पडल्या त्याने अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे संख्याशास्त्राकडे वळला. त्याने सुचवलं, औषध सगळ्यांना पुरणार नाहीच, तर कोणाला द्यायचं ते डॉक्टरच्या मनावर सोडू नका, चिठ्ठीवर सोडा. मोहोरबंद लिफाफे तयार झाले. बाहेर रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक, आत कार्ड. कार्डावर एक अक्षर, एस किंवा सी. एस म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, सी म्हणजे नुसती विश्रांती. निवड समितीने रुग्ण पसंत केल्यावरच लिफाफा फोडायचा. आत काय आहे ते ना समितीला ठाऊक, ना वॉर्डातल्या डॉक्टरला. सी गटातल्या रुग्णांना आपण प्रयोगात आहोत हेही सांगितलेलं नव्हतं. आज कुठलीही नीतिसमिती याला मान्यता देणार नाही, आणि देऊही नये.

तरीही त्या लिफाफ्याइतकी न्याय्य सरकारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. त्याला ओळख चालत नव्हती, चिठ्ठीचपाटी चालत नव्हती.

एकशे सात रुग्ण होते. सगळे तरुण, दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा, फुप्फुस मिटवण्याचे उपाय लागू न पडणारा क्षय झालेले. सहा महिन्यांनी हिशेब केला तेव्हा नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ जणांपैकी १४ दगावले होते, स्ट्रेप्टोमायसिनवरच्या ५५ पैकी ४. क्ष-किरणाच्या काचा वाचणाऱ्यांना कोणती काच कोणत्या गटाची हे माहीत नव्हतं, त्यांनाही फरक ढळढळीत दिसला. निकाल १९४८च्या ऑक्टोबरात छापून आला आणि औषधांची परीक्षा कशी घ्यायची याचा तो पुढे नमुना ठरला.

पण त्याच कागदात दुसरी एक गोष्ट होती. सुरुवातीला सुधारलेले कितीतरी रुग्ण दोन-तीन महिन्यांत पुन्हा घसरले. त्यांच्या बेडक्यातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी त्याच रुग्णांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनच्या ५५ पैकी ३२ गेलेले होते आणि विश्रांतीच्या ५२ पैकी ३५. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत जे कमावलं ते जवळजवळ सगळं पाच वर्षांत परत गेलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ४ आणि १४ हे आकडे पाठ करायला सांगत नाही, ३२ आणि ३५ पाठ करायला सांगतो.

लिफाफ्याच्या बाहेरही एक रुग्ण होता आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. लेखक जॉर्ज ऑर्वेल. जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा. १९४७च्या डिसेंबरात तो ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात दाखल झाला. तिथे त्याची नस चिरडली, पोटात हवा भरली. त्याचा मित्र डेव्हिड ॲस्टर याने अमेरिकेतून स्ट्रेप्टोमायसिन मागवलं. बाहेरून औषध आणायला आरोग्यमंत्र्याची परवानगी लागायची आणि मंत्री होता बेव्हन. 'ट्रिब्यून' साप्ताहिकात बेव्हन संपादक असताना ऑर्वेल त्याच्या हाताखाली वाङ्मयविभाग बघायचा. परवानगी मिळाली. औषध मात्र ऑर्वेलला सोसलं नाही. अंगभर पुरळ आलं, तोंडात फोड आले, केस आणि नखं गळायला लागली. ते थांबवावं लागलं आणि उरलेलं औषध दुसऱ्या रुग्णांना गेलं. ५ जुलैला देशात आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा ऑर्वेल त्याच रुग्णालयात होता. एका मध्यरात्रीत त्याची खाट सरकारी झाली. २१ जानेवारी १९५०ला लंडनच्या रुग्णालयात तो गेला, छेचाळिसाव्या वर्षी.

जंतू एका औषधाला चुकवतो, पण दोन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी चुकवणारा जंतू फार विरळा. हे कळल्यावर स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पीएएस नावाचं औषध आलं, स्वीडनच्या यॉर्गेन लेहमानने शोधलेलं. ते दिवसाला दहा-बारा ग्रॅमपेक्षा जास्त घ्यावं लागायचं. कागदासारख्या पापुद्र्यात बांधलेली ही पूड गिळताना पोटात ढवळायचं, जुलाब व्हायचे. सरांना खणात सापडायच्या त्या गोळ्या बहुतेक याच औषधाच्या. १९५२मध्ये आयसोनियाझिड आलं. हे रसायन प्रागमधल्या दोघांनी १९१२मध्येच बनवलं होतं, पण क्षयावर त्याचा उपयोग होईल हे कोणाला सुचलं नव्हतं. चाळीस वर्षं औषध बाटलीत पडून होतं आणि माणसं बरगड्या काढून घेत होती. आयसोनियाझिड म्हणजे साधी गोळी, स्वस्त, आणि पोटात जाऊन मुकाट काम करणारी.

या तिन्हीचा नीट वापर एडिंबरात जॉन क्रॉफ्टन यांनी करून दाखवला. ते १९५२मध्ये तिथे प्राध्यापक झाले. तिन्ही औषधं पहिल्या दिवसापासून एकत्र द्यायची, एकटं एक औषध कधीही नाही, जंतू दाद देतात की नाही ते प्रयोगशाळेत बघायचं, आणि रुग्णाला कितीही बरं वाटलं तरी दीड-दोन वर्षं सोडायचं नाही. त्यांनी जवळजवळ सगळे रुग्ण बरे होतात असं सांगितलं, तर युरोपातल्या सहव्यावसायिकांनी विश्वास ठेवला नाही. क्रॉफ्टन यांचं खरं औषध माझ्या मते चौथं होतं. प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक डोसाचा जाब विचारणारा माणूस ठेवणं. आमच्या सरांनी तिकडून आणलेलं औषध तेच.

मग खाटेचं काय? खाटांची ब्रिटनला तहान लागली होती. रुग्ण वाट बघत होते आणि वॉर्डांना कुलपं होती, कारण क्षयाच्या वॉर्डात काम करायला नर्स मिळत नव्हत्या. त्यांना स्वतःला लागण व्हायची भीती होती आणि ती खरी होती. स्कॉटलंडमध्ये तर युद्धानंतर रोग वाढतच चालला होता. तेव्हा १९५१पासून आरोग्यसेवेने आपल्या खर्चाने स्कॉटिश रुग्ण विमानाने स्वित्झर्लंडला, दावोस आणि लेझांच्या आरोग्यधामांत पाठवले. ग्लासगोच्या चाळीतला कामगार दावोसला, आणि बिल सरकारला. त्या काळच्या समाजवादाला खर्चाचं भय नव्हतं, एवढं मी कौतुकाने म्हणेन.

पण खाटेचं कौतुक मला करवत नाही. दक्षिण वेल्समध्ये स्वॉन्झीच्या खोऱ्यात क्रेग-ई-नॉस नावाचा एक वाडा आहे. आदेलिना पात्ती या ऑपेरा गायिकेचा. १९२२पासून तिथे क्षयाचं रुग्णालय होतं, मुलं आणि तरुण मुली यांच्यासाठी. तिथली मुलं म्हातारी झाल्यावर त्यांनी आठवणी सांगितल्या, त्या गोळा झाल्या आहेत. गच्चीवर उघड्यावर खाटा, रात्री पांघरुणावर बर्फ साचायचा. उठून पळू नयेत म्हणून लहान मुलांना खाटेला बांधत. आईबापांनी महिन्यातून एकदा भेटायचं. दोन-तीन वर्षांनी घरी गेलेल्या मुलाला कधी आपली आई ओळखू येत नसे. आणि हे सगळं प्रेमळ, कर्तव्यदक्ष माणसं करत होती, विश्रांतीवर त्यांची श्रद्धा होती म्हणून.

आता मद्रासला येऊ. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६मध्ये भारताचा हिशेब मांडला होता. क्षयाचे रुग्ण सुमारे २५ लाख, दरवर्षी मृत्यू पाच लाख, आणि खाटा साऱ्या देशात सहा हजारांच्या आसपास. या गणिताला उत्तरच नव्हतं. खाट हाच उपचार असेल, तर भारताने हात जोडून बसायचं. म्हणून १९५६मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा घेणारी ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स पहिले संचालक. त्यांनी सरळ प्रश्न विचारला. तीच औषधं, आयसोनियाझिड आणि पीएएस, एक वर्ष. निम्मे रुग्ण आरोग्यधामात, निम्मे आपापल्या घरी. कोण कुठे जाणार ते पुन्हा चिठ्ठीवर.

घर म्हणजे कसलं घर, ते डोळ्यांसमोर आणा. शहराच्या गरीब वस्तीतली एक खोली, तिच्यात सहा-सात माणसं, अन्न बेताचं. रुग्ण घरी पडूनही राहत नव्हते, कामाला जात होते, पाणी भरत होते. आरोग्यधामात खुराक उत्तम, विश्रांती पुरेशी, हवा चांगली. तिथल्यांचं वजन जास्त वाढलं, ते वाढणारच. आणि वर्षाअखेरी बरे किती झाले? आरोग्यधामात ९२ टक्के, घरी ८६ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. रुग्णाबरोबर त्याच खोलीत झोपणाऱ्या घरच्यांना जास्त लागण झाली का? नाही. औषध सुरू झालं की रुग्ण थोड्याच दिवसांत फारसा लागट राहत नाही, जी काही लागण व्हायची ती आधीच होऊन गेलेली असते.

पन्नास वर्षांची श्रद्धा मद्रासच्या त्या खोल्यांत संपली. हवा नको, डोंगर नको, खुराकही अपरिहार्य नाही. गोळी पोटात गेली पाहिजे.

आणि ती गेली की नाही हे मद्रासच्या माणसांनी कसं पाहिलं? न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. सरांचा खणच तो, फक्त आता वॉर्डातून उठून झोपडपट्टीत गेला. घर आणि औषध, जी दोन खाती ब्रिटनने १९४८मध्ये वेगळी केली होती, ती मद्रासने एकत्र आणली. अहवाल १९५९मध्ये निघाला. त्याच वर्षी क्रेग-ई-नॉसचं क्षयाचं रुग्णालय बंद झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्या नेहमी शेजारी शेजारी दिसतात.

काही जण मद्रासचा धडा सोयीने वाचतात. खाट नको म्हणजे खर्च नको, गोळ्यांची पाकिटं वाटली की सरकार मोकळं. ब्रिटनकडून एक गोष्ट उचलायची आपण विसरलो. ५ जुलै १९४८लाच तिथे राष्ट्रीय साहाय्य कायदाही लागू झाला, आणि क्षयावरच्या उपचारासाठी ज्याची कमाई बुडाली त्याला नेहमीपेक्षा जास्त दराने भत्ता मिळू लागला. कमावता माणूस पोटासाठी उपचार अर्धवट सोडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये जमा व्हायला २०१८ उजाडलं, आणि ते हजार झाले २०२४च्या नोव्हेंबरात. हजार रुपयांत महिन्याची अंडी येतील, बुडालेला रोज येणार नाही.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, तिसऱ्या महिन्यात माणूस कामावर जातो. गोळ्या सुटतात त्या चौथ्या महिन्यात. तेव्हा तुमच्या घरात, तुमच्या कारखान्यात, तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या घरी कोणी ही औषधं घेत असेल, तर चौथ्या महिन्यात त्यांच्याकडे गोळ्यांचं पाकीट बघायला मागा. गोळ्या राहिलेल्या दिसल्या तर ओरडू नका. शेजारी बसून विचारा, काय त्रास होतो.